मदत हवी आहे: ३ कोटींच्या मराठी चित्रपटाला भारत-ब्रिटन सहनिर्मिती परवडते का?

नमस्कार मंडळी,

मी लंडनमध्ये लाइन प्रोड्यूसर आहे. पैसा दुसऱ्याचा, चित्रपट दुसऱ्याचा. वेळापत्रक, परवानग्या आणि हिशेब माझ्याकडे. व्हिसा कंपनीशी बांधलेला होता तोवर स्वतःचं काही काढता येत नव्हतं. आता इथे कायम राहण्याची परवानगी मिळाली आहे, आणि हातात एक फार चांगली पटकथा आहे: गुहागरहून लेस्टरला आलेल्या परिचारिकेची. लेखिका आणि दिग्दर्शक दोघंही पुण्याचे. बजेट ३ कोटी रुपये. पुण्यातले एक निर्माते मोठा वाटा उचलायला तयार आहेत, उरलेला मी उभा करायचा.

ब्रिटनमध्ये दीड कोटी पौंडांपर्यंतच्या चित्रपटांना ५३ टक्के कर-सवलत आहे; तिच्यावरचा कर वजा जाता हातात ४० टक्क्यांच्या आसपास येतात. अट अशी की मुख्य लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटनचा हवा, नाहीतर अधिकृत सहनिर्मितीचा दर्जा हवा, म्हणजे दोन देशांमधल्या करारानुसार मान्यता मिळालेला चित्रपट. या दोघांना बदलायचा विचारही मी करणार नाही. म्हणजे राहिला २००५ चा भारत-ब्रिटन चित्रपट सहनिर्मिती करार. त्यात प्रत्येक देशाचा वाटा किमान २० टक्के लागतो.

गणित अडतं ते इथे. सवलत फक्त ब्रिटनमधल्या खर्चावर, गुहागरच्या चित्रीकरणावर नाही. ३ कोटींच्या २० टक्के म्हणजे ६० लाख इथे खर्च झाले आणि सगळे पात्र ठरले, तरी परत येणार जेमतेम २४ लाख. तेही खर्च होऊन गेल्यावर, कंपनीचं कर-विवरणपत्र भरल्यानंतर. तोवर ते व्याजाने उचलायचे. शिवाय दोन्हीकडचे वकील आणि अकाउंटंट. बजेट लहान म्हणून त्यांची फी लहान होत नाही. लेस्टरचं चित्रीकरण, साउंड मिक्सिंग, कलर ग्रेडिंग मी इथे करणारच आहे, पण कागदपत्रांत या २४ लाखांतले किती जातील? इतक्या लहान बजेटवर कुणी हे केलं असेल तर खरा आकडा सांगा, अंदाजे चालेल.

दुसरं, दोन्ही सरकारांची तात्पुरती मान्यता चित्रीकरणाआधी लागते. कोकणातलं काम पावसाच्या आत उरकायचं आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मान्यता यायला तुम्हाला किती महिने लागले?

आणि हक्कांचं. पुण्याच्या निर्मात्यांना भारतातले सॅटेलाइट (टीव्ही) आणि ओटीटी हक्क पूर्ण हवेत, मला 'उर्वरित जग' देऊ करताहेत. मराठी चित्रपटाच्या बाबतीत उर्वरित जग म्हणजे महोत्सव, आणि लंडन-न्यू जर्सीकडच्या मंडळींसाठी शनिवार-रविवारचे खेळ. प्रेक्षक महाराष्ट्रात आहे, तर मिळकतही तिथूनच येणार. म्हणून मला वाटतं, प्रदेश वाटून घेण्यापेक्षा सगळ्या उत्पन्नात गुंतवणुकीच्या प्रमाणात हिस्सा मागावा. असा करार मराठीत कुणी मान्य करतं का? करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

अधिकृत दर्जा सोडून लेस्टरचं चित्रीकरण नुसतं सांभाळून द्यायचं, हाही पर्याय आहे. त्यात जोखीम नाही. पण मग मी पुन्हा लाइन प्रोड्यूसरच, आणि ही गोष्ट मला निर्माती म्हणून करायची आहे.

नोव्हेंबरमध्ये गोव्याला फिल्म बाजारमध्ये (चित्रपट व्यावसायिकांचा मेळा) त्या निर्मात्यांशी समोरासमोर बोलणं ठरलंय. त्याआधी उत्तरं मिळाली तर फार उपयोग होईल. दोन्ही देशांचे कायदे जाणणारा वकील कुणाला माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपात नाव कळवा.