मदत हवी आहे: 'व्हिक्टोरिया' आणि 'कॅम्परडाउन'ची टक्कर (१८९३) आलेखकागदावर कशी दाखवायची?

नांगर:

अकरावी-बारावीच्या मुलांसमोर 'व्हिक्टोरिया' या ब्रिटिश युद्धनौकेच्या अपघातावर तासभर बोलायचं आहे. घटना सोपी आहे, गाडी अडली आहे ती आकृतीपाशी. हाताशी आहे ते असं:

२२ जून १८९३. बैरुतहून निघालेला ब्रिटिश भूमध्य ताफा त्रिपोलीसमोर (लेबनॉनमधलं, लिबियातलं नव्हे). ११ जहाजं दोन समांतर रांगांत. उजवीकडे सहा, पुढे व्हिक्टोरिया, तिच्यावर सरसेनापती व्हाइस ॲडमिरल सर जॉर्ज ट्रायन. डावीकडे पाच, पुढे कॅम्परडाउन, तिच्यावर रिअर ॲडमिरल मार्कहॅम. रांगांमध्ये ६ केबल, म्हणजे १२०० यार्ड. हुकूम असा की दोन्ही रांगांनी आतल्या बाजूने, एकमेकींकडे, १६ पॉइंट (१८० अंश) वळायचं. वेग ८-९ नॉट. नेहमीच्या सुकाणूवर वळणाचा व्यास ८०० यार्ड, म्हणजे ४ केबल.

१ सेंमी = १ केबल धरून अर्धवर्तुळं काढली. तीन ठिकाणी अडलो.

१) दोन्ही जहाजं प्रत्येकी १२० अंश वळली की मधल्या रेषेवर नाकाला नाक लावून भेटतात. प्रत्यक्षात कॅम्परडाउनची रॅम (पुढच्या टोकाची पाण्याखालची चोच) व्हिक्टोरियाच्या उजव्या कुशीत, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुमारे ६५ फुटांवर, जवळजवळ काटकोनात घुसली. माझी आकृती कुठे चुकते?

२) ४ आणि ४ मिळून ८, हे ट्रायनला कळत नव्हतं? मुलं हे विचारणारच.

३) इतके कप्पे असलेलं जहाज सुमारे १३ मिनिटांत उलटतं कसं?

भरतीओहोटी:

पहिला दोष प्रमाणाचा. १ सेंमीला ६०० फूट, म्हणजे ६५ फूट होतात जेमतेम १.१ मिमी. पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाडीची. कुशीत बसलेली धडक आणि नाकावरची धडक यांतला फरक त्या कागदावर दिसणारच नाही.

ए-३ कागद आडवा घ्या आणि ५ सेंमी = १ केबल धरा. रांगांमधलं अंतर ३० सेंमी. जहाजं पुठ्ठ्याची कापा: व्हिक्टोरिया (३४० फूट लांब, ७० फूट रुंद) २.८ सेंमी × ६ मिमी, कॅम्परडाउन थोडी आखूड. व्हिक्टोरियाच्या टोकापासून साडेपाच मिमीवर उजव्या कडेला लाल खूण करा. ती ६५ फुटांची जागा.

टाचणी पुठ्ठ्याच्या मध्यावर टोचू नका. चालतं जहाज वळताना नाळेपासून साधारण एक तृतीयांश लांबीवरच्या बिंदूभोवती फिरतं आणि त्याची पिछाडी वळणाच्या बाहेर फेकली जाते. टाचणी तिथे टोचलीत की नाळ मार्गाच्या पुढे डोकावते आणि भेट १२० ऐवजी ११५ अंशांच्या आसपासच होते. म्हणजे कोन उलट आणखी बिघडला! कारण टक्कर नेहमीच्या ८०० यार्डांच्या वर्तुळावर झालीच नाही. शेवटच्या क्षणी दोन्ही जहाजांनी वळण आवळायला आतल्या बाजूचं इंजिन उलटं फिरवलं, व्हिक्टोरियाने डावं, कॅम्परडाउनने उजवं. त्यानंतर दोन्ही इंजिनं उलटी. निव्वळ सुकाणू टोकाला नेलं तरी व्यास ६०० यार्डांवर येत असे. तेव्हा ८०० आणि ६०० यांच्या मधला, ६८० यार्ड, धरून बघा. त्रिज्या ३४०. ३४० × (१ − कोसाइन १४०) = ६००. म्हणजे दोन्ही १४० अंश वळून मधल्या रेषेवर येतात आणि त्यांच्या दिशांतला कोन ३६० − २८० = ८० अंश. तुमचा 'जवळजवळ काटकोन' आला.

राहिले ६५ फूट. ८ नॉट म्हणजे सेकंदाला साडेतेरा फूट. व्हिक्टोरिया पाच सेकंदांनी पुढे असली की ती कॅम्परडाउनच्या नाळेसमोरून तेवढी सरकलेली असते आणि रॅम नाकाऐवजी उजव्या कुशीत बसते. पाच सेकंदांसाठी वेगळं कारण शोधत बसू नका. दोन वेगळी जहाजं, दोन वेगळे सुकाणूवाले, त्यात एवढा फरक पडतोच.

पडताळा: ३४० यार्ड त्रिज्येवर १४० अंशांचा कंस म्हणजे सुमारे ८३० यार्ड. ८ नॉटने मिनिटाला २७० यार्ड. तीन मिनिटांपेक्षा किंचित जास्त. बावटा (हुकमाचे संकेत-झेंडे; ते उतरले की हुकूम अमलात आणायचा) साडेतीनच्या सुमारास उतरला आणि ३:३४ ला धडक. वळताना वेग मंदावतो हे धरलं की हिशेब जुळतो.

काथ्याकूट:

प्र. क्र. २. कळत नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण त्याला सांगितलं गेलं होतं. नौमार्गाची जबाबदारी असलेल्या स्टाफ कमांडर हॉकिन्स-स्मिथने निदान ८ केबल लागतील असं म्हटलं, ट्रायनने ते मान्य केलं, आणि थोड्या वेळाने बावटा चढला ६ केबलचा. फ्लॅग लेफ्टनंट (संदेश पाठवणारा अधिकारी) लॉर्ड गिलफर्डने पुन्हा जाऊन विचारलं. उत्तर तेच, सहा. तेव्हा 'चुकून आकडा पडला' हे स्पष्टीकरण टिकत नाही.

उरतात दोन तर्क. दोन्ही फळ्यावर काढून दाखवण्याजोगे आहेत.

पहिला, त्रिज्या-व्यासाची गफलत. वळणांना ४ + ४ आणि वळल्यावर रांगांमध्ये २ केबल मोकळे, असे एकूण १० हवे. व्यासाच्या जागी त्रिज्या धरली तर २ + २ + २ = ६. आकडा चपखल बसतो म्हणून हा तर्क लोकप्रिय आहे. मला मात्र तो पटत नाही. ताफा फिरवण्यात ज्याची हयात गेली त्याच्या डोक्यात हा आकडा हिशेबाने येत नाही, हाडामासात असतो.

दुसरा तर्क बावट्याच्या शब्दांवरून. दोन रांगांना दिलेल्या दोन्ही संदेशांत 'ताफ्याचा क्रम राखून' असं होतं. व्हिक्टोरियाची रांग उजवीकडे आहे. दोघींनी आत वळून तोंडं फिरवली तर ती डावीकडे जाते, म्हणजे क्रम उलटतो. क्रम राखायचा तर एका रांगेने दुसरीच्या बाहेरून जायला हवं. आता आकृती काढा: कॅम्परडाउनची सुरुवात ० वर, व्हिक्टोरियाची ६ वर. व्हिक्टोरिया ४ केबल व्यासाने वळून २ वर येते. कॅम्परडाउन ८ केबल व्यासाने तिच्या बाहेरून जाऊन ८ वर येते. दोन्ही वर्तुळांचा मध्य एकच (४ वर), मार्ग कुठेही छेदत नाहीत, आणि शेवटी अंतर पुन्हा बरोबर ६ केबल! पहिल्यांदा काढाल तेव्हा पटल्यासारखं वाटेल.

पण बाहेरचा मार्ग आतल्याच्या दुप्पट. त्याच वेगाने कॅम्परडाउन मागे पडणार. शिवाय बाहेरून कोणी जायचं हे बावट्यात नव्हतं. मार्कहॅमने चौकशीत सांगितलं की ट्रायनच आपल्या बाहेरून जाईल अशी त्याची समजूत झाली होती. म्हणजे क्रमाचा तर्क खरा मानला तरी दोघांच्या डोक्यात उलटसुलट आकृत्या होत्या.

मार्कहॅमचा बावटा हा मुलांना नक्की दाखवा. मिळालेला संदेश तसाच आपल्या डोलकाठीवर चढवायची पद्धत होती. अर्ध्यावर म्हणजे 'दिसला, पण कळला नाही', टोकाला म्हणजे 'कळला'. त्याने अर्ध्यावर ठेवला. ट्रायनकडून सगळ्या ताफ्यादेखत विचारणा आली, 'कशाची वाट पाहताय?' बावटा टोकाला गेला.

दीपस्तंभ:

वरील दोघांशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

कप्पे होते, पण बंद नव्हते. जूनमधली दुपार, जहाजात उकाडा, त्यामुळे आडभिंतींतली दारे, हवेची झाकणे, तोफांची दारे उघडी. सगळे आपापल्या जागी असले तरी दारे बंद करायला तीन मिनिटे लागत. आदेश निघाला तो धडकेच्या साधारण एक मिनिट आधी.

धडकेने व्हिक्टोरियाला पाण्याखाली, सुमारे १२ फूट खोलीवर भोक पडले. रॅम आत असेपर्यंत तीच त्या भोकाचे बूच होती. मिनिट-दोन मिनिटांनी कॅम्परडाउनने मागे सरून ती उपसली आणि १०० चौरस फुटांपेक्षा मोठे भगदाड उघडे पडले. मुलांकडून गणित करून घ्या: क्षेत्रफळ ९ चौ. मी., मध्य पाण्याखाली सरासरी ३ मी., वेग = √(२ × ९.८ × ३) = ७.७ मी. प्रतिसेकंद, अरुंद तोंडासाठी गुणक ०.६. सेकंदाला सुमारे ४० टन. हे फक्त पहिल्या काही सेकंदांसाठी. आतला कप्पा भरला की प्रवाह पुढच्या दारातून जाईल तेवढाच. कॉलिजन मॅट नावाची जाड चटई बाहेरून भोकावर ओढायची सोय होती. लोकांनी प्रयत्न केला, पण पुढचा डेक त्यांच्या पायाखालीच पाण्यात गेला.

इथे जहाजाचा आकार महत्त्वाचा. सव्वासोळा इंची दोन प्रचंड तोफा एकाच बुरुजात, त्याही पुढे. त्यामुळे पुढचा डेक बुटका. नाळ थोडी खाली गेली की पाणी डेकवर, तिथून बुरुजाच्या फटींतून आणि सहा इंची तोफांच्या उघड्या दारांतून आत. त्यात किनारा गाठण्यासाठी जहाज पुढेच हाकले जात होते, म्हणजे वेगाने पाणी आत ढकलले जात होते. उजवीकडे कलंडली, उलटली, पंखे फिरतच नाळेवर गेली. ३५८ मेले, त्यांत ट्रायन. ३५७ वाचले, त्यांत व्हिक्टोरियाचा कॅप्टन मॉरिस बर्क आणि पुढे पहिल्या महायुद्धात जटलंडच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचे नेतृत्व करणारा जॉन जेलिको, जो तेव्हा तापाने आजारी होता.

पत्र्याच्या ट्रेचा प्रयोग करणार असाल तर: लांबट ट्रेला तीन आडव्या पट्ट्या एम-सीलने चिकटवा, प्रत्येकीत पेन्सिलीएवढे भोक ठेवा, पुढच्या कप्प्यात उजव्या बाजूला बाहेरून भोक पाडा. एकदा पट्ट्यांची भोके उघडी ठेवून, एकदा मेणाने बुजवून सोडा. ट्रे रिकामा ठेवू नका. तळाशी थोडी वाळू हवी, नाहीतर तो एवढा उथळ तरंगतो की बाहेरचे भोक पाण्याच्या वर राहते आणि मुले हसतात.

नांगर:

दंडवत! नव्या प्रमाणावर काढलं, ६८० चा व्यास आणि १४० अंश बरोब्बर बसले. फक्त एक नवीन घोळ. साक्षींच्या उताऱ्यात व्हिक्टोरियाच्या सुकाणूवाल्याला 'हार्ड अ-स्टारबोर्ड' असा हुकूम आहे. स्टारबोर्ड म्हणजे उजवी. मग ती डावीकडे कशी वळली? मी रांगाच उलट्या काढल्यात का?

भरतीओहोटी:

नाही, रांगा बरोबर आहेत. तेव्हाचा हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे, जहाजाला नव्हे. दांडा उजवीकडे गेला की सुकाणूचं पातं डावीकडे आणि जहाजही डावीकडे. ही उलटी पद्धत ब्रिटिश जहाजांवर १९३० च्या दशकापर्यंत चालली. त्याआधीच्या कुठल्याही साक्षीत सुकाणूचा हुकूम दिसला की दिशा उलटून वाचायची. 'पॉइंट' किंवा दिशेचा उल्लेख असेल तर मात्र उलटायचं नाही. म्हणून बावट्यातलं '१६ पॉइंट पोर्टकडे' (पोर्ट म्हणजे डावी) हे खरंच डावीकडे. एकाच पानावर दोन्ही येतात, तिथेच लोक फसतात.

काथ्याकूट:

निकालही एका ओळीत सांगा. माल्टाला 'हिबर्निया' या जहाजावर जुलैमध्ये लष्करी न्यायालय बसलं. दोष ट्रायनच्या हुकमाला, बर्क निर्दोष. मार्कहॅमने शंका कळवण्याचा पहिला विचार अमलात आणला नाही याचा खेद, पण वरिष्ठाचा हुकूम पाळला म्हणून त्याला दोष देणं सेवेला घातक, असं न्यायालय म्हणालं. हा परिच्छेद वाचून दाखवलात तर तास त्याच्यावरच संपेल, तेव्हा आकृती आधी उरका.

दीपस्तंभ:

अवांतर: २००४ मध्ये हे जहाज सुमारे १४० मीटर खोल सापडले. नाळ चिखलात रुतलेली, पिछाडी वर, सरळ उभे. पुठ्ठ्याची व्हिक्टोरिया शेवटी आडवी ठेवू नका, थर्माकोलमध्ये नाळेवर उभी खोचा.