मदत हवी आहे: भाचीला कोर्टात न्यायचंय, आधी काय सांगू?

ताई-दाजींची केस पुण्याच्या फॅमिली कोर्टात आहे, कस्टडीसाठी जज भाचीशी चेंबरमध्ये एकटीशीच बोलणार आहेत. वय ९. पोरगी आता माणूस बघून बोलायला शिकलीय, ताईसमोर "बाबा नकोत" आणि दाजींचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन हळूच "तुमच्याकडेच यायचंय", आणि मला विचारते, मामा, कुणाचं नाव घेतलं की भांडण थांबेल? शाळेच्या काउन्सेलरसमोर गप्पच बसली. वकील म्हणतात पढवून पाठवू नका, जजना लगेच कळतं, आणि ते पटतंच. ताई-दाजी एकमेकांशी बोलतच नाहीत, त्यामुळे "दोघांना समजवा" हा सल्ला प्लीज नको. ज्यांची मुलं अशी चेंबरमध्ये बोलून आलीत त्यांनी सांगा, न पढवता तिची भीती कमी होईल असं आधी नेमकं काय बोलावं?