तारणहार, त्राता की हुतात्मा? युद्धकथेतला ख्रिस्त

जुनी_गिरणी, सोलापूर: पहिल्या महायुद्धावरच्या कादंबऱ्यांत सोबत्यांसाठी मरणारा शिपाई ख्रिस्ताच्या वळणावर रंगवलेला असतो. परीक्षणात त्याला काय म्हणावं? 'हुतात्मा' चालेल?

कडकभाकरी: नको. सोलापूरचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेले ते देशकार्यासाठी. दुसऱ्या कुणाच्या वाट्याची फाशी त्यांनी आपल्यावर घेतली नव्हती. ख्रिस्ताच्या कथेचा कणा आहे तो बदली मरणाचा. मराठी बायबलात (मार्क १०:४५) त्यासाठी 'जीव खंडणी म्हणून' देणं असं आहे. आज खंडणी म्हटलं की वाचकाला गुंड आठवतात, तेव्हा तो शब्द अवतरणापुरताच ठेवा.

जुनी_गिरणी: मग 'तारणहार'?

कडकभाकरी: पात्रासाठी चालेल. बायबलातला नेहमीचा शब्द 'तारणारा' (लूक २:११). 'त्राता' जरा संस्कृत वळणाचा, आणि त्यात वाचवणं आहे, पण मरणं नाही. सैन्य घेऊन वेळेवर पोचणारा सेनापतीही त्राताच. फसगत होते ती नुसत्या 'तारण'ने. 'सैनिकाचे तारण' असा मथळा दिलात, तर पेठेतला माणूस सोनेतारण कर्जाची जाहिरात समजेल.

बाराबंदी: त्याआधी हे पात्र खरंच ख्रिस्तसदृश आहे का ते बघा. शिपाई दुसऱ्यासाठी मेला, एवढ्यानं भागत नाही. फितूर सोबती, शेवटचं जेवण, निर्दोष असून शिक्षा, कुशीतली जखम, रिकामी कबर, यातल्या दोनतीन खुणा एकत्र हव्यात. अमेरिकन लेखक फॉकनरच्या 'अ फेबल' या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीत (१९५४) कॉर्पोरल हुद्द्याच्या शिपायाबरोबर ख्रिस्तासारखेच बारा साथीदार आहेत आणि ख्रिस्तासारखंच त्याला दोन गुन्हेगारांच्या मध्ये उभं करून गोळ्या घालतात. तिथं शंकेला जागाच नाही. उलट नुसता हात पसरून पडलेला मुडदा दिसला की 'क्रुसाची प्रतिमा' लिहून मोकळं होणं, हा परीक्षकांचा जुना आळस.

जुनी_गिरणी: क्रूस की वधस्तंभ?

बाराबंदी: येशूच्या मरणाबद्दल 'वधस्तंभावर खिळणे', हे बायबलच्या मराठीत रुळलेलं आहे. 'सुळावर चढवणे' साफ चूक, ती शिक्षाच वेगळी. पण महायुद्धाच्या कथांत एक अडचण येते. ब्रिटिश सैन्यात 'फील्ड पनिशमेंट नंबर एक' होती: शिपायाला खांबाला किंवा गाडीच्या चाकाला दिवसाला जास्तीत जास्त दोन तास बांधून ठेवायचे. १९२३मध्ये ती रद्द झाली. शिपाई तिला क्रुसावर चढवणंच म्हणत. त्यात वध नाही, म्हणून तिथं 'वधस्तंभ' घातला तर वाचकाला वाटेल माणूस मेला. 'क्रूस'च ठेवा आणि पहिल्यांदा शिक्षेचं नाव येईल तिथं 'खांबाला बांधून' हे शब्द वाक्यातच घ्या, तळटीप नको.

कडकभाकरी: आणि 'खिळणे' फक्त खिळे असतील तिथंच. दोरीनं बांधलेल्याला 'खिळले' लिहू नका.