मदत हवी आहे: हिचवरचा मोटारसायकल कॅरिअर, स्टील की अॅल्युमिनियम?

डर्ट बाइक पेट्रोलसकट १०८ किलो. गाडीच्या मागे हिच (ट्रेलर वगैरे जोडायची जोडणी) आहे, तिला २ इंची रिसीव्हर (कॅरिअर घुसवायची चौकोनी नळी) आहे, पण मॅन्युअलमध्ये हिचवरच्या उभ्या भाराची मर्यादा १५० किलोच दिली आहे. स्टीलचा कॅरिअर ३९ किलोचा, अॅल्युमिनियमचा २७. पट्टे वगैरे ५ किलो धरले तर स्टीलने बेरीज १५२ होते, म्हणजे तो बाद, अॅल्युमिनियमने १४०. कॅरिअरवर '१८० किलो क्षमता' छापलंय, त्याचा इथे काही उपयोग नाही. गाडी, हिच आणि कॅरिअर यांतला सगळ्यात लहान आकडाच धरायचा.

खरी अडचण तरफेची आहे. बाइकचा मध्य मागच्या अॅक्सलपासून १.३ मीटर मागे, व्हीलबेस २.७ मीटर. म्हणजे पुढच्या अॅक्सलवरचे साधारण ६७ किलो उचलले जातात आणि मागच्यावर २०७ वाढतात. स्टिअरिंग हलकं पडणार, हेडलाइट वर बघणार. शिवाय मर्यादेचा आकडा हिच बॉलपाशी (ट्रेलर अडकवायचा गोळा) धरलेला असतो, कॅरिअरचा ट्रे त्याच्याही मागे.

जाणकारांना विचारायचंय:

१. १४० किलो असा मागे लटकत असताना १५० ची मर्यादा पुरेशी मानता का? की सरळ छोटा ट्रेलर बरा?
२. खड्ड्यांत बाइक डोलू नये म्हणून रिसीव्हरवर यू-बोल्टचा क्लॅम्प बरा की आतून आवळणारी आट्यांची पिन?
३. पुढचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येतंय. टायर भाजू नये म्हणून पत्रा लावता की बाइक उलटी चढवता?

मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते, त्यासाठी लाइटबोर्ड घेतोच आहे.