जीएचसीच्या नव्या आवृत्तीने जुना हास्केल कोड मोडावा का?

कॅबलकर (धागाकर्ता)
हास्केल या प्रोग्रामिंग भाषेतील एक लहानशी लायब्ररी (इतरांना वापरता येणारा तयार कोड) मी बरीच वर्षे फावल्या वेळात सांभाळतो. तिच्यात नवीन काही घालायचे उरलेले नाही, तरीही गेल्या काही वर्षांत तिच्यावर घालवलेला माझा बहुतेक वेळ जीएचसी या कंपायलरच्या (कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) पुढच्या आवृत्तीवर ती पुन्हा बिल्ड व्हावी, एवढ्यासाठीच खर्ची पडला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ९.० ने टाइप (मूल्यांचे प्रकार) जुळवण्याचा नियम सोपा केला (सोपा म्हणजे कंपायलरला सोपा), आणि ज्या फंक्शनच्या टाइपमध्ये 'फॉरऑल' ('कोणत्याही टाइपसाठी' असे सांगणारी खूण) बाणाच्या उजवीकडे दडलेला असतो, ते जसेच्या तसे पुढे देण्याऐवजी त्याच्याभोवती एक निरर्थक दिसणारा लॅम्डा, म्हणजे बिननावाचे फंक्शन, गुंडाळावा लागू लागला. २०२२ मध्ये एमटीएल या लायब्ररीच्या २.३ आवृत्तीने 'व्हेन', 'फॉरएव्हर' ही दुसरीकडची फंक्शने परस्पर पुरवणे बंद केले. २०२३ मध्ये जीएचसी ९.८ ने 'हेड' आणि 'टेल' (यादीचा पहिला घटक आणि उरलेली यादी देणारी, पण रिकाम्या यादीवर कोसळणारी फंक्शने) वापरल्याबद्दल इशारे द्यायला सुरुवात केली, त्याबरोबर इशाऱ्यालाच चूक मानणारी माझी बिल्ड अडली. यांतील प्रत्येक बदलाचे समर्थन करता येते, हे मला मान्य आहे. परंतु निर्णय घेणारे वेगळे आणि झळ सोसणारे वेगळे, ही व्यवस्था मला मान्य नाही.

टाइपशास्त्री
असहमत. २०१५ मध्ये ७.१० ने प्रत्येक मोनाड हा अॅप्लिकेटिव्ह असलाच पाहिजे (हे दोन्ही टाइपांचे वर्ग), असा नियम केला, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. आज तो नियम काढून टाका म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. ९.० मधील बदलाबद्दल बोलायचे, तर पूर्वी तो लॅम्डा कंपायलर स्वतःच गुपचूप घालत असे. हास्केलसारख्या आळशी मूल्यमापनाच्या (गरज पडेपर्यंत हिशेब न करणाऱ्या) भाषेत मूल्यच नसलेली अभिव्यक्ती आणि मूल्य नसलेले उत्तर देणारे फंक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मूल्य तिथेच काढायला लावणारे 'सेक' लावून तो फरक पाहताही येतो. म्हणजे कंपायलर आपल्याला न विचारता प्रोग्रामचा अर्थ बदलत होता. अशी खोट जपून ठेवण्यासाठी आपण ही भाषा निवडली का? शिवाय तक्रार ऐकली गेली नाही, असेही नाही, कारण ९.२.४ मध्ये 'डीप सबसम्प्शन' हे जुना नियम चालू करणारे ऐच्छिक एक्स्टेन्शन आले आणि भाषेचे हास्केल २०१० हे प्रमाण रूप निवडणाऱ्यांना जुना नियम आपोआप परत मिळाला.

कॅबलकर
मिळाला, पण जुलै २०२२ मध्ये. तोपर्यंत दीड वर्ष उलटले होते आणि ज्यांना लॅम्डा घालायचे होते त्यांनी ते घालून टाकले होते.

हॅकेजकर
मला वाटते, आपण दोघेही फांदीवर वाद घालत आहात आणि मुळाकडे पाहत नाही. जीएचसीच्या प्रत्येक मालिकेबरोबर 'बेस' या पायाभूत लायब्ररीची ठरलेली आवृत्तीच येते, उदाहरणार्थ ९.१० बरोबर ४.२०. पॅकेजच्या लेखकाने 'बेस' च्या आवृत्तीला वरची मर्यादा घातलेली असेल, तर ज्या पॅकेजमध्ये एक अक्षरही बदलण्याची गरज नाही तेसुद्धा नव्या कंपायलरवर अडते, मग कोणीतरी हॅकेजवर (पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) जाऊन ती मर्यादा सैल करेपर्यंत बाकीच्यांनी मर्यादेकडे दुर्लक्ष करणारा 'अलाउ-न्यूअर' हा पर्याय लावून वेळ मारून न्यायची. नवा कंपायलर आणि जुना 'बेस' अशी जोडी लावता आली, तर या धाग्यातील निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. ९.१० मध्ये कंपायलरशी घट्ट बांधलेला भाग 'जीएचसी-इंटर्नल' या वेगळ्या पॅकेजमध्ये काढला, तो याच दिशेने. काम कंटाळवाणे आहे, म्हणून त्यावर वाद झडत नाहीत.

आळसोबा
कॅबलकरांच्या बाजूने एक अनुभव सांगतो. मी काम करत होतो तेथील कोड फार काळ जीएचसी ८.१० वरच थांबला होता, कारण आम्ही वापरत असलेल्या एका पॅकेजचा लेखक ते सोडून गेला होता आणि त्याची डागडुजी करण्याइतका वेळ आम्हाला कोणी देत नव्हते. हास्केल आता केवळ विद्यापीठांचे राहिलेले नाही. बंगळूरुच्या रिक्षांपासून सुरू झालेल्या 'नम्मा यात्री' या सेवेचा सर्व्हरवरचा कोड हास्केलमध्ये आहे आणि तो सर्वांसाठी खुला आहे. पगारी माणसे असलेल्या संस्था आवृत्ती बदलण्याचा खर्च पेलू शकतात. एकट्याने पॅकेज सांभाळणारा मात्र एके दिवशी निमूटपणे बाजूला होतो.

टाइपशास्त्री
हा मुद्दा वजनदार आहे, पण त्यावर उपाय सुरू झालेला आहे. 'बेस' मध्ये मोडतोड करणारा बदल सुचवणाऱ्याकडे त्या लायब्ररीवर देखरेख करणारी कोअर लायब्ररीज कमिटी आता आधी हिशेब मागते: स्टॅकेजवरील (एकत्र बिल्ड होतात असे तपासलेल्या संचातील) पॅकेजे त्या बदलासह बिल्ड करून पाहा, कोणती मोडतात ते सांगा, आणि शक्यतो त्यांच्यासाठी दुरुस्त्याही तयार ठेवा. झळ पूर्वी एकाच बाजूला बसत होती, तशी आता राहिलेली नाही. 'हेड' च्या इशाऱ्याबद्दल तर मला तक्रारच समजत नाही. फंक्शन काढलेले नाही. इशाऱ्याला चूक ठरवणारा पर्याय पॅकेजमध्ये सरसकट लावलेला हॅकेजलाही चालत नाही, त्यामुळे अडलेली बिल्ड ही आपण स्वतःच्या तपासणीयंत्रणेत स्वतःच लावून घेतलेली कडी आहे.

कॅबलकर
कडी माझीच, हे कबूल. मोकळ्या संध्याकाळी मी ती काढूनही टाकली. मात्र स्टॅकेजवरचा हिशेब फक्त स्टॅकेजवर असलेल्यांचा होतो, माझे पॅकेज तेथे नाही. जीएचसीच्या संघाने ९.१४ ही किमान दोन वर्षे दुरुस्त्या मिळणारी पहिली दीर्घकालीन मालिका ठरवली आहे, हे मला अधिक उपयोगाचे वाटते. यापुढे मी अशाच मालिकांवर लायब्ररी तपासणार आहे, मधल्या आवृत्त्यांवर नाही.

टाइपशास्त्री
आणि सगळ्यांनीच तसे ठरवले, तर मधल्या आवृत्त्यांतील चुका कोणाला दिसणार? त्या थेट पुढच्या दीर्घकालीन मालिकेत आपल्याच दारात येऊन उभ्या राहतील.

कॅबलकर
येऊ देत. दोन वर्षांतून एकदा दार उघडायला माझी हरकत नाही.