बाप्तिस्मा म्हणजे नुसतं बारसं नाही

कुणीतरी लिहिलंय की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिश्चनांचं बारसं, नाव ठेवायचा कार्यक्रम. नाव घेतलं जातं हे खरं, पण मूळ अर्थ तो नाही हो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं. पाण्यात जाणं म्हणजे जुन्या आयुष्याला मरणं आणि वर येणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर नव्यानं जगायला उठणं, ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात हेच सांगितलंय. आपल्याकडे वसईचे कॅथलिक याला स्नानसंस्कार म्हणतात, मला तर हा शब्द फार आवडतो. तिथे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि विश्वास कबूल करतात ते आईबाप आणि धर्म-मातापिता. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथांच्या मंडळींत मात्र ज्यानं स्वतः विश्वास ठेवला त्यालाच, आणि पूर्ण पाण्यात बुडवून.

आणि हो, घरात एकानं घेतला म्हणजे सगळ्यांचा झाला असंही नसतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, स्वतःचं मन वळल्यावर. त्या मधल्या वर्षांत त्या बाईंनी काय सोसलं असेल याचा विचार केला की अजूनही गलबलून येतं.