‘आपली दाढी’ की ‘स्वतःची दाढी’? न्हाव्याचं कोडं वऱ्हाडीत

पऱ्हाटी: गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर तर्कज्ञ बर्ट्रांड रसेलचं न्हाव्याचं कोडं वऱ्हाडीत लिहायचं आहे. वाक्य असं केलं: ‘गावातले जे माणसं आपली दाढी करत नाई, त्याइची दाढी म्हाली करते. मंग म्हाल्याची दाढी कोन करते?’ (म्हाली म्हणजे न्हावी.) वाचणारे म्हणतात, थोच करते, यात कोडं काय? चुकलं कुठे?

तिफण: ‘च’ राहिला, भाऊ. ‘त्याइची, अन् फक्त त्याइचीच’ असं पाहिजे. तुमच्या वाक्यात न्हाव्यानं स्वतःची दाढी केली तरी काहीच बिघडत नाही, नियम मोडत नाही. ‘च’ आला की ती वाट बंद होते. केली, तर तो ‘न करणाऱ्यां’त नाही, म्हणून करायला नको. नाही केली, तर त्यांच्यात आला, म्हणून केलीच पाहिजे.

झाडी: ‘च’ नं भागणार नाही. दुकानात खुर्चीवर बसून आलेला माणूसही ‘दाढी केली’ असंच म्हणतो, ‘करून घेतली’ क्वचित. त्या अर्थानं सगळा गावच आपली दाढी करतो. ‘आपल्या हातानं’ घाला. आणि ‘आपली’ हा शब्द इथे फार घात करतो. ‘म्हाली आपली दाढी करते’ म्हणजे त्याची, की तुमची-आमची? दोन्ही अर्थ निघतात. ‘स्वतःची’ लिहा.

पऱ्हाटी: ‘स्वतःची’ पुस्तकी वाटते. बोलताना कोणी म्हणत नाही.

झाडी: मग अर्थ सांडेल. ‘माणसं’ही तपासा. पुस्तकी मराठीत त्यात बायाही येतात, खेड्यात माणसं म्हणजे पुरुष. इंग्रजीत न्हावी बाई आहे असं म्हणून काही जण पळवाट काढतात. ‘करतो’ लिहिलं की ती वाट बुजते. वऱ्हाडीत ‘तो करते’, ‘ती करते’ सारखंच, तिथे लिंग नामावरूनच कळणार.

धुरा: मथळ्यात ‘विरोधाभास’ लिहू नका. तो अलंकार आहे, अर्थ लागला की विरोध विरतो. इथे विरत नाही. ‘वदतोव्याघात’ म्हणा.

तिफण: तोही नाही, दादा. ‘माझ्या तोंडात जीभ नाही’ हा वदतोव्याघात. बोलणाराच स्वतःला खोडतो, पण वाक्य खोटं मानलं की प्रश्न संपतो. ‘हे वाक्य खोटं आहे’ हे खोटं मानलं तर खरं ठरतं. सरळ ‘पॅराडॉक्स’ लिहा, बारावीच्या पोरांना तोच शब्द माहीत आहे.

धुरा: पोरांना माहीत नाही म्हणून आपला शब्द टाकायचा? न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्रात ‘आत्माश्रय’ आहे.

तिफण: आत्माश्रय म्हणजे स्वतःच्या सिद्धीसाठी स्वतःचाच आधार घेणं. त्यात दरवेळी विरोध येत नाही. ‘या वाक्यात पाच शब्द आहेत’ हे वाक्य स्वतःबद्दलच बोलतं, मोजा, खरं आहे. आणि खरं सांगायचं तर न्हाव्याचं कोडंही तेवढं खोल नाही, असा न्हावी असू शकत नाही, एवढंच त्याचं उत्तर. रसेलनं 1902 मध्ये जर्मन तर्कज्ञ फ्रेगेला कळवलेली अडचण संचांची होती: जे संच स्वतःचेच घटक नाहीत, त्या सगळ्यांचा संच स्वतःचा घटक आहे का? तिथे ‘असा संच नाही’ म्हटलं तर ‘प्रत्येक अटीला संच असतो’ हा पायाच सुटतो.

झाडी: स्वतःलाच खोटं म्हणणारं वाक्य व्याकरणकार भर्तृहरीनं ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात हाताळलं आहे. ‘मी सगळं खोटं बोलतो’ हे वाक्य स्वतःला लावायचं नाही, लावलं तर सांगायचा अर्थच हाती येत नाही.

धुरा: तर्कज्ञ टार्स्कीही 1933 मध्ये तेच म्हणतो, भाषेबद्दल बोलायला वरच्या पायरीची भाषा घ्या. मग वाक्य वऱ्हाडीत लिहा, निवाडा प्रमाण मराठीत करा.

झाडी: बोली बदलून पायरी बदलत नाही. ‘खोटं’ हाच शब्द फोडावा लागतो: पहिल्या पायरीचं खोटं, दुसऱ्या पायरीचं खोटं. मराठी बोलणारा तसं कधीच करत नाही.

तिफण: शब्दांतही तेच. ‘त्र्यक्षरी’ त तीन अक्षरं, स्वतःला लागू. ‘पंचाक्षरी’ त चारच, लागू नाही. आता ‘स्वतःला लागू नसलेला’ हे विशेषण स्वतःला लागू आहे का? हे कोडं ग्रेलिंग आणि नेल्सन यांचं, 1908 मधलं.

धुरा: ‘पंचाक्षरी’ त पाच आहेत. क्ष म्हणजे क् आणि ष, दोन.

तिफण: वर्ण दोन, अक्षर एकच. मंत्रही तसेच मोजतात, ‘नमः शिवाय’ ची अक्षरं पाच.

धुरा: त्यात जोडाक्षर कुठे आहे? जोडाक्षर असलेला मंत्र घेऊन दाखवा.